कुंपणाबाहेरचं ‘नाही’

धर्मशिक्षणाच्या तासाला माझं उत्तर बरोबर आलं आणि तरीही सगळा वर्ग हसला. असं माझ्याच बाबतीत होऊ शकतं.

मिस सॅम्युअल आम्हाला येशूने सांगितलेले दृष्टांत शिकवतात. त्या दिवशी दोन मुलग्यांचा होता. एका माणसाला दोन मुलगे असतात. तो पहिल्याला सांगतो, बाळा, आज मळ्यात जाऊन काम कर. तो तोंडावर म्हणतो, नाही जाणार. पण मागाहून त्याला पस्तावा होतो आणि तो जातो. बाप दुसऱ्यालाही तेच सांगतो. तो म्हणतो, “जी, जाता हूँ.” आणि जात नाही. संपला दृष्टांत. एवढासाच आहे.

“तो बताओ,” मिसनी विचारलं, “बाप की बात किसने मानी?”

माझा हात वर गेला. हल्ली तो आपोआपच वर जातो. सातवीपर्यंत मी मागच्या बाकावर नखं कुरतडत बसायचे. आठवीत बीजगणित आलं, आणि फळ्यावरचं जे गणित कुणालाच सुटत नव्हतं ते मला सुटलं. तेव्हापासून मला वाटायला लागलं की बाकीचंही येत असेल, विचारून बघायला काय हरकत आहे!

“पहले वाले ने, मिस.”

“शाबाश, भानुमती. क्यों?”

“क्योंकि दूसरे ने कहा, जाता हूँ.”

“हाँ. तो?”

“तो मिस, अच्छे घर का लड़का बाप के सामने ‘जाता हूँ’ थोड़े ही कहेगा? ‘आता हूँ’ कहेगा!”

मिसना काही कळेना. “उसे जाना था, बेटी. आना नहीं था.”

मग वर्ग जो हसायला लागला तो थांबेचना. मी खाली बसले. आमच्याकडे घराबाहेर पडताना कुणी ‘जातो’ म्हटलं तर आई त्याला उंबऱ्यावरून परत बोलावते आणि ‘येतो’ म्हणायला लावते. जातो म्हणणारा परत येत नाही म्हणे. मला वाटलं, हाच तर त्या दुसऱ्याचा दोष! माझ्या शेजारी बसणारी शारदा हे समजावून सांगू शकली असती. तिचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर झाशीत आले, बडा बाजाराच्या मागे त्यांचं घर आहे, तिला मराठी सगळं कळतं. बोलायची वेळ आली की मात्र ती हिंदीत पळते. ती मेली पुस्तकात तोंड घालून हसत होती.

“जवाब सही, वजह ग़लत,” मिस म्हणाल्या. “सोमवार को सही वजह लाना. और अपने घर की कोई मिसाल भी.”

घरची मिसाल, म्हणजे उदाहरण! मला तेव्हा घरचा एवढा मोठा घोर होता की मिसना काय सांगू.

नववीसाठी आम्हाला गणित किंवा गृहविज्ञान निवडायचं होतं. गृहविज्ञान म्हणजे शिवण, मुरंबे आणि तान्ह्या बाळाला अंघोळ कशी घालावी हे. आमच्या शाळेत सगळ्याच शिकवायला बायका आहेत, पण नववीचं गणित शिकवणारी बाई मिळत नाही, म्हणून बाहेरून एक मास्तर येतात. आदल्या वर्षी एका मुलीच्या वडिलांना हे मागाहून कळलं आणि त्यांनी भर वर्गातून मुलीला ओढून नेलं. त्यामुळे आमच्या बड्या मिसनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, नियमच करून टाकला: जिला गणित हवं तिच्या वडिलांनी स्वतः येऊन, समोर बसून हो म्हणायचं. शनिवारपर्यंत. नाहीतर मुरंबे.

मी सोमवारीच बाबांना सांगितलं होतं.

“हो हो, येतो की,” बाबा म्हणाले. “त्यात काय!”

माझे बाबा, नारायणराव, मालगाडीवर गार्ड आहेत. रेल्वेने नाव बदलून सेंट्रल केलं तरी अजून स्वतःला जुन्या जी.आय.पी.चे म्हणवतात. कॉलनीत बाबांसारखा गोड माणूस नाही. कुणी काही मागितलं की बाबांचं उत्तर ठरलेलं: हो. आईने छताच्या गळतीबद्दल विचारलं, हो, सांगतो ना इंजिनियरांना. शेजारच्या मिश्राजींनी कानपूरहून जायफळ मागवलं, हओ भैया, ले आएँगे. बुंदेली ‘हओ’ तर बाबांना इतकं आवडतं की ते झोपेतही म्हणत असतील.

मंगळवारी बाबांची गाडी बीनाहून उशिरा आली. बुधवारी ते आले, पण थकले होते, म्हणाले उद्या नक्की. गुरुवारी निघालेसुद्धा, वाटेत स्टेशनवर कुणी भेटलं आणि चहा झाला आणि शाळा सुटली. रोज मी बड्या मिसच्या खोलीसमोरून जायचे तेव्हा त्या चष्म्यावरून बघायच्या, मी म्हणायचे, “कल आएँगे, बड़ी मिस.”

शुक्रवारी सकाळी शारदा डबा उघडता उघडता म्हणाली, “भानू, एक बात बोलूँ? बुरा तो नहीं मानेगी?”

“मानूँगी. बोल.”

“तेरे बाबा तो वही हैं. दूसरे वाले.”

“कौन दूसरे वाले?”

“अरे वही, जी जाता हूँ.”

मला इतका राग आला की मी तिच्या डब्यातली करंजी उचलून माझ्या डब्यात टाकली. “मेरे बाबा झूठ नहीं बोलते!”

“मैंने कब कहा झूठ बोलते हैं? करंजी वापस कर.”

करंजी दिली परत. पण घरी येईपर्यंत मी तेच उलटंसुलटं करत होते. बाबा खोटं बोलत नाहीत हे अगदी खरं. ‘येतो’ म्हणताना त्यांचा चेहरा बघितला तर कुणालाही कळेल की त्यांना मनापासून यायचंय. मग तो दुसरा मुलगासुद्धा खोटं बोलत नसेल. त्यालाही त्या क्षणी जायचं असेल. मग अडतं कुठे? फळ्यावर गणित सोडवताना जिथे अडतं तिथून मी एक ओळ मागे जाते. इथे एक ओळ मागे गेले तर काय दिसत होतं? आमच्या घरात कुणी कधी ‘नाही’ म्हणतच नाही.

म्हणायचंच नसतं. डब्यात साखर नसली तर साखर नाही म्हणायचं नाही, साखर आणायची आहे म्हणायचं. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढवली म्हणायचं. कारण वास्तुपुरुष घराच्या जमिनीत पालथा पडलेला असतो आणि सारखा ‘तथास्तु, तथास्तु’ म्हणत असतो. तुम्ही नाही म्हणालात आणि नेमकं तेव्हाच तो तथास्तु म्हणाला, तर गेलंच सगळं. हे आईचं शास्त्र. बाबा त्यावर एकदा म्हणाले होते की रेल्वे क्वार्टरचा वास्तुपुरुषही सरकारी असणार, त्याचीही बदली होत असेल. पण तेही ‘नाही’ म्हणाले नाहीत कधी.

घरी आले तर बाबा रेस्टवर होते. पुढच्या खोलीत खाटेवर बसून शिट्टी आणि झेंडे पुसत होते. मी दप्तरही न ठेवता समोर उभी राहिले.

“बाबा, उद्या शेवटचा दिवस आहे.”

“माहीत आहे बाळ. येतो म्हटलं ना.”

“बाबा, तुम्ही नाही म्हणा.”

“काय?”

“यायचं नसेल तर नाही म्हणा. मला चालेल.” मला मुळीच चालणार नव्हतं, पण म्हटलं.

आतून आई आली, हात पिठाचे. “काय अभद्र बोलतेस गं! भरल्या घरात, दिवेलागणीला!”

“दिवेलागणी कुठे, आई, ऊन आहे अजून.”

“ऊन असो की काही असो. घरात तो शब्द नको.”

“मग बाहेर म्हणू देत,” मी म्हटलं. “बाबा, चला बाहेर. कुंपणापलीकडे वास्तू संपते ना, आई?”

आई पिठाचे हात पदराला पुसायला लागली. तिचं शास्त्र कुंपणापर्यंतच होतं. बाबा हसायला लागले, पण मी हसले नाही म्हणून थांबले. मग त्यांनी खरंच चपला घातल्या.

आम्ही फाटक उघडून रस्त्यावर गेलो. समोर कोळशाच्या राखेचा ढीग, त्याच्यापलीकडे रूळ. इंजिनं शंटिंग करत होती, धूर आमच्याकडेच येत होता. मिश्राजी त्यांच्या ओट्यावरून विचारत होते, “कहाँ चले, नारायणरावजी?” बाबा म्हणाले, “यहीं तक, भैया.”

“आता बोला,” मी म्हटलं.

बाबा झेंडे हातातच घेऊन आले होते. त्यांनी इकडे तिकडे बघितलं. “काय बोलू?”

“गाडीवर लाल झेंडा दाखवता ना तुम्ही? ड्रायव्हरला वाईट वाटेल म्हणून हिरवाच दाखवत बसता का?”

“तसं केलं तर माणसं मरतील, भानू.”

“मग?”

एक इंजिन पुढे गेलं, परत मागे आलं. मला भीती वाटायला लागली की बाबा आता पुन्हा ‘येतो’ म्हणतील आणि मला पुन्हा खरं वाटेल.

“नाही,” बाबा म्हणाले.

फार हळू म्हणाले. पहिल्यांदाच ऐकत होते मी बाबांच्या तोंडून. त्यांचा आवाजच वेगळा वाटला.

“नाही म्हणजे?”

“नाही येणार मी. तू गणित घेऊ नयेस असं मला वाटतं.”

मला वाटलं होतं की बाबांना वेळ नाही, कंटाळा येतो, चहा आडवा येतो. हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

“मला गणित येत नाही असं वाटतं तुम्हाला?”

“येतं की! माझ्यापेक्षा जास्त येतं. ते नव्हे.” बाबा झेंड्याची काठी हातावर आपटत होते. “दोन-तीन मुली आणि एक परका मास्तर. कॉलनीत लोक बोलतील. तुला नाही बोलणार, मला बोलतील, गार्ड-ड्रायव्हर उतरतात त्या रनिंग रूममध्ये, हसत हसत. मला ते ऐकता येणार नाही. आणि तो मास्तर कसा आहे, कोण जाणे. मी असतो बीनाला नाहीतर कानपूरला. मला भीती वाटते, झालं!”

“मग सोमवारीच का नाही सांगितलंत?”

“तू इतक्या आनंदाने विचारलंस.” बाबा रुळांकडे बघत म्हणाले. “तुझा चेहरा पडलेला बघवला नसता.”

चेहरा तर आता पडलाच होता. मी ‘बरं’ म्हटलं आणि फाटकातून आत आले. रडले, हे लिहायला लाज कसली! आईने विचारलं, म्हणाले का? मी म्हटलं, म्हणाले. तिने गुपचूप देवापुढे हळदकुंकू वाहिलं आणि मला गरम पोळीवर तूप वाढलं. बाबा जेवले नाहीत नीट. भाताशी खेळत बसले.

शनिवारी सकाळी मी शाळेत गेल्या गेल्या बड्या मिसच्या खोलीत गेले. “मेरे बाबा नहीं आएँगे,” मी म्हटलं.

“कल आएँगे?” त्या थोड्या उपरोधानेच म्हणाल्या.

“नहीं, बड़ी मिस. उन्होंने मना किया है.”

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं रागावतील, पण म्हणाल्या, “चलो, किसी ने साफ़ तो कहा.” आणि म्हणाल्या की गृहविज्ञानही काही वाईट नाही. मी मान हलवली. मला मुरंब्याचा वास नाकात यायला लागला होता.

तिसरा तास चालू असताना शिपाईण मला बोलवायला आली. बड्या मिसच्या खोलीत बाबा बसले होते. पांढरा ड्रेस, पितळी बटणं, टोपी मांडीवर. ड्यूटीवर जाताना घालतात तसे तयार होऊन आले होते. मी दारातच थांबले.

बाबा बड्या मिसना म्हणत होते, “मैडम, मैं मना करने आया हूँ.”

म्हणजे मुरंबेच.

“वह तो आपकी बेटी ने बता दिया,” बड्या मिस म्हणाल्या. “फिर आपने तकलीफ़ क्यों की?”

बाबांनी टोपी या मांडीवरून त्या मांडीवर ठेवली. “मैडम, सोमवार से रोज़ हाँ कह रहा था, तो मज़े में नींद आती थी. लगता था, काम हो गया. कल ना कह दिया, तो नींद ही नहीं आई.” मग एकदम म्हणाले, “मास्टर कौन हैं?”

“आप मिलना चाहेंगे?”

“हाँ.”

मास्तर त्या दिवशी आले होते. पांढऱ्या मिशा, एक डोळा मोतीबिंदूचा, छत्री काखेत. बाबांनी त्यांना विचारलं कुठे राहता, ते म्हणाले लक्ष्मी गेटजवळ. किती वर्षं शिकवता, मुली किती असतात, वर्ग कुठे भरतो. बाबा गाडीचे डबे तपासतात तसे एकेक विचारत होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. बड्या मिस शांतपणे म्हणाल्या की वर्ग त्यांच्या खोलीच्या शेजारी भरतो आणि दार उघडं असतं.

“हमेशा?”

“हमेशा.”

बाबा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, “भानू, लोक बोलतीलच.”

“बोलू देत, बाबा.”

“तुला काय जातं बोलू देत म्हणायला! ऐकायचं मला आहे.” आणि मग बड्या मिसना म्हणाले, “ठीक है. लिख लीजिए. गणित.”

मी तिथे उडी मारली नाही, कारण मास्तर होते. बाहेर व्हरांड्यात येऊन मारली. बाबा म्हणाले, “शाळेत आहेस, जरा नीट वाग,” आणि टोपी घालून घाईने स्टेशनकडे गेले, कारण त्यांची गाडी लागली होती.

सोमवारी मिस सॅम्युअलनी आठवणीने मला उठवलं. “वजह लाई हो?”

“लाई हूँ, मिस.” शारदा माझा फ्रॉक खालून ओढत होती, पण मी सांगितलं. म्हटलं, पहिला मुलगा चांगला होता म्हणून गेला असं नाही. तो ‘नाही’ म्हणाला, आणि ते ‘नाही’ त्याला टोचत राहिलं. दृष्टांतात लिहिलंच आहे की त्याला पस्तावा झाला. पस्तावायला त्याच्याकडे काहीतरी होतं! दुसरा हो म्हणाला आणि तिथेच मोकळा झाला. हो म्हटल्याबरोबर त्याला वाटलं, झालं काम. त्याला कशाचा पस्तावा होणार?

“घर की मिसाल?” मिसनी विचारलं.

“है, मिस. लेकिन घर की है, नहीं बताऊँगी.”

पुन्हा हसले सगळे. पण या वेळी मिसही हसल्या. मग म्हणाल्या, “और दूसरा? उसका क्या हुआ होगा?”

ते काही दृष्टांतात नाही. मी जरा विचार केला. “मिस, मुझे लगता है, उसे भी नहीं जाना था. वजह होगी कोई. पर उस घर में किसी ने पूछी नहीं.”

मिस पुस्तक उघडून तेवढाच भाग पुन्हा वाचत राहिल्या, मनातल्या मनात. मग मला बस म्हणाल्या आणि शारदाला उठवलं. शारदाला काही आलं नाही.

जुलैपासून आमचा गणिताचा वर्ग सुरू झालाय. शारदानेही शेवटी गणितच घेतलं. मी तिच्या घरी जाऊन तिच्या आजोबांचं डोकं खाल्लं, ती वेगळीच गोष्ट आहे. बाबा बीनाहून, कानपूरहून, कुठूनही परत आले की बूट काढता काढता पहिलं विचारतात, “दार उघडं होतं?”

मी म्हणते, होतं.

काल मात्र वारा फार होता. दार सारखं आपटत होतं, कागद उडत होते, म्हणून मास्तरांनी ते लावून घेतलं. घरी येताना शारदा म्हणाली, “मत बता. बेकार में परेशान होंगे.”

बाबांनी विचारलं. मी म्हटलं, “नाही बाबा, आज नव्हतं.”

स्वयंपाकघरातून आईचा ‘अगं!’ आला. बाबांच्या कपाळाला आठी पडली. एक बूट पायात, एक हातात.

“का?”

“वाऱ्याने आपटत होतं.”

“आणि खिडकी?”

“खिडकी उघडी होती.”

“किती?”

“पूर्ण, बाबा.”

बाबांनी दुसरा बूट काढला. “उद्या दाराला लावायला एक वीट घेऊन जा,” ते म्हणाले. “मागे पडल्यात बघ, न्हाणीपाशी.”